एकविसावा भाजक

बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मीनाक्षी अकरा वर्षे पेट्यांत वॉशर भरते. तपासनिसाच्या टेबलावर बसायला दहावी लागते. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी ती बाहेरून परीक्षेला बसली. गणितात तेहतीस गुण पडले. हवे होते पस्तीस.

गेलेले दोन गुण एकाच प्रश्नाचे होते. १०००१ ही संख्या मूळ की संयुक्त? म्हणजे, एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कोणी निःशेष भागते का? मीनाक्षीने लिहिले होते, संयुक्त. उत्तरसूचीत होते, मूळ.

सूची करणाऱ्याची ही चूक कशी झाली असावी, हे कारखान्यातल्या माणसाला लगेच उमगते. तेथे प्रत्येक लॉटमधले वीस नग मापतात; वीस चांगले निघाले की लॉट पास. एकविसावा मापायला मनाई नसते, पण मापणाऱ्याला पाळी संपवायची असते. दोन, तीन, पाच, सात अशा क्रमाने मूळ संख्यांनी १०००१ला भागत गेले, तर पहिल्या वीस संख्यांनी भाग जात नाही. विसावी एकाहत्तर. एकविसावी त्र्याहत्तर, आणि तिने पूर्ण भाग जातो. वीस नगांवर पास होऊन गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या पेट्या उपसण्याचे काम मीनाक्षीकडेच असे. विसावर थांबणे तिला जमण्यासारखे नव्हते.

परीक्षा केंद्राचे प्रमुख श्रीहरी यांच्याकडे ती तीनदा गेली. उत्तरसूची अंतिम असते, असे प्रथम सांगण्यात आले. नंतर, अर्ज मराठीत चालत नाही, कन्नडमध्ये आणा. तिसऱ्या खेपेस कन्नड अर्ज पाहून ते मवाळ झाले. तपासनिसाची जागा शनिवारी भरणार, हे तिने अर्जातच लिहिले होते.

“अक्का, दोन कृपागुण देतो. आजच पास व्हाल. त्या संख्येशी तुमचं काय भांडण आहे?”

संस्थेला चूक कबूल करण्यापेक्षा दया करणे सोपे जाते. दयेला पुरावा लागत नाही.

“माझ्या शेजारी बसणाऱ्या गोदावरीचेही हेच दोन कापलेत,” मीनाक्षी म्हणाली. “तिच्यावर कृपा कोण करणार?”

सूची बदलली तर चारशे पेपर पुन्हा काढावे लागतील, महिना जाईल, तुमची जागा हातची जाईल, असे त्यांनी समजावले.

“जाऊ दे, सर. कृपा घेतली म्हणजे मी चुकले आणि तुम्ही सोडलंत. मी चुकलेली नाही. भागाकार करा.”

त्यांनी हिशेबासाठी मोबाइल उचलला. तिने कोरा कागद पुढे सरकवला. श्रीहरी लिहू लागले. बाकी सत्तावीस, मग एक्कावन्न, मग शून्य. भागाकार एकशे सदतीस. उत्तरसूची चुकली आहे, असे त्यांनी त्याच कागदावर लिहिले. खाली सही होईपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही.

शनिवारी जागा दुसऱ्याला गेली. महिन्याने सुधारलेल्या सूचीनुसार मीनाक्षी, गोदावरी आणि आणखी सतरा जण उत्तीर्ण झाले. मीनाक्षी आजही वॉशर भरते. पुढच्या जागेसाठी तिने अर्ज दिला आहे. त्यात ‘कृपागुण असल्यास’ या रकान्यापुढे रेघ न मारता तिने स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे: नाकारले.