चिखलातले साडू

चिखल दिसला की ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. लोकांचे साडू मानपानावरून रुसतात, पंगतीत जिलब्यांच्या पैजा लावतात. आमचे साडू धाकट्या मेहुणीच्या साखरपुड्याला गुडघ्यापर्यंत काळ्या मातीचे बूट घालून आले. म्हणजे चपलाच होत्या. त्यांच्या बायकोने, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, पाणी ओतून ओतून त्या आतून शोधून काढल्या. उशीर का झाला म्हणून सासऱ्यांनी विचारलं, तर साडू शांतपणे म्हणाले की सडक सोडून वावरातून सायकलवर आलो, सडकेनं येण्यात काही मजा नाही.

हे गृहस्थ लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये गणित शिकवायचे. तेव्हा शहरात गल्लोगल्ली वसतिगृहं, खाणावळी आणि पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंचे फलक उगवले होते. साऱ्या मराठवाड्यातून पोरं ट्रंका घेऊन डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येत होती. साडू सहा दिवस त्यांना गणितं घालायचे आणि रविवारी सकाळी, पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत, गावाबाहेरच्या एका पडीक रानात सायकलींची शर्यत भरवायचे. नांगरटीचा एक तुकडा, दोन बांध, एक ओढा आणि चार फेऱ्या. चालवता येईल तिथं चालवायची, नाही तिथं उतरून सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. काळी माती चाकात अशी भरते की चाक फिरायचंच विसरतं, म्हणून मडगार्ड लावून येणाऱ्याला ते बांधावरूनच परत पाठवत. येणारे तरी कोण? एक पोस्टमन, एक कंपाउंडर, बँकेतले कॅशिअर, कपाळाला अष्टगंध लावून येणारे एक निवृत्त तलाठी, अशी दहा-बारा डोकी. शर्यत संपल्यावर सगळे ओढ्यात बसून पोहे खात. नांदेडहून मी एकदा गेलो आणि पहिल्याच बांधावर सायकलसकट पलीकडे पडलो. साडूंनी येऊन आधी सायकलीचा हात-पाय मोडला का ते पाहिलं, मग माझा.

या वेडाला नाव नव्हतं. पुढं पुण्याहून सुट्टीला आलेला त्यांचा एक जुना विद्यार्थी म्हणाला की परदेशात अशाच शर्यती होतात, त्याला सायक्लोक्रॉस म्हणतात. साडूंनी तो शब्द त्याच्याकडून तीनदा वदवून घेतला, आठवडाभर पोस्टमनला, आक्कांना, दूधवाल्याला ऐकवला. मग एके दिवशी मला फोनवर जरा नाराजीनंच म्हणाले, “पर साडू, त्यांची माती काय आपल्यासारखी काळी थोडीच असंल? लई चिकटत नसंल ती. मग त्यात काय कौतुक?”

हसायचं तेवढं मी हसून घेतलं होतं. नंतर एकदा आक्कांनी शेंगा निवडता निवडता सांगितलं. क्लासमध्ये येण्याआधी साडू भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका खेड्यात शाळेवर होते. भूकंप झाला त्या दिवशी ते रजा घेऊन लातूरला आलेले. सकाळी सायकल काढली तर सडक मदतीच्या आणि बघ्यांच्या गाड्यांनी गच्च भरलेली, त्यात पाऊस. त्यांनी सडक सोडली आणि सायकल खांद्यावर घेऊन काळ्या रानातून निघाले. दुपारी पोचले तेव्हा शाळेची एक भिंत उभी होती, गाव नव्हतं. भिंतीपुढं उभं राहून त्यांनी आठवीच्या वर्गाची हजेरी घेतली, तोंडपाठ. काही पोरांनी हजर म्हटलं. आक्का म्हणाल्या, “घरी आले अन् सायकल तेवढी धुतली, दोन तास.” शर्यती त्यानंतर दोन पावसाळ्यांनी सुरू झाल्या. त्या का सुरू केल्या हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं नाही.

विद्यार्थ्यांना मात्र शर्यतीत मज्जाव होता. रविवार हा चाचणी परीक्षेचा वार. आपले सर पोरांना चिखलात लोळवतात अशी तक्रार एका पालकानं केल्यावर क्लासच्या मालकांनी त्यांना बजावलं होतं की पुन्हा एखादा विद्यार्थी तिथं दिसला तर तुम्ही वरच्या तुकडीवर नाही. साडूंनी ते मान्य केलं होतं. मग देवणीकडची एक मुलगी आली. मेडिकलला दुसऱ्यांदा नंबर हुकलेला, तिसऱ्या वेळेची तयारी चाललेली. ती वर्गात यायची, पण वही उघडायची नाही. खाणावळीच्या बाईंनी साडूंना सांगितलं की पोरगी चार दिवस जेवली नाही, भिंतीकडं तोंड करून पडून असते. साडूंनी तिच्या वडिलांना निरोप धाडला आणि त्या रविवारी खाणावळीच्या बाईंसकट तिला रानात नेलं. तिच्या हातात आपली सायकल दिली.

मी त्या दिवशी तिथं होतो. शेवटच्या फेरीला वडील पोचले, धोतर सावरत, सरळ देवणीच्या गाडीतून उतरून. त्यांनी पाहिलं तर लेक कमरेपर्यंत माखलेली, खांद्यावर सायकल, ओढ्यातून वर चढत असलेली. ते साडूंना काही वाकडं बोलले नाहीत. हलक्या आवाजात एवढंच म्हणाले, “सर, आमी हिला डाक्टर व्हायला पाठिवलं हुतं.”

वर्गात फळ्यापुढं कधी न अडलेला माणूस हातातली शिट्टी बोटात फिरवत उभा राहिला. तेवढ्यात मुलगी शेवटची फेरी संपवून आली. तिचा नंबर शेवटून दुसरा, कंपाउंडरच्या पुढं. वडिलांना पाहिल्यावर ती रडायला लागली आणि रडता रडता चाकातली माती बोटांनी ओरबाडून काढू लागली. वडील तिच्याशेजारी उकिडवे बसले. तिचे हात त्यांनी बाजूला केले. “आता निघत न्हाई ती, बाई,” ते म्हणाले. “वल्ली हाय. वाळू दे. वाळली की आपूआप गळती.”

दोघं तसेच उन्हात बसून राहिले. तलाठ्यांनी त्यांच्यापुढं पोह्यांची ताटली सरकवली. मुलीनं ती खाल्ली, मग दुसरीही खाल्ली. साडू तोवर आमच्याकडं पाठ करून ओढ्याकडं बघत होते.

गोष्ट मालकांच्या कानावर गेलीच. साडूंची वरची तुकडी गेली, त्यांना सकाळच्या कच्च्या पोरांचा वर्ग मिळाला. आक्का चिडल्या, मीही चिडलो. साडू म्हणाले की कच्ची पोरं प्रश्न तरी विचारतात. मुलगी डॉक्टर झाली नाही. ती नर्स झाली, बिलोलीकडं नोकरी करते. पुढं तिच्या लग्नात साडूंना मामाच्या जागी उभं केलं होतं, आणि त्या दिवशी मात्र त्यांच्या पायांत स्वच्छ पॉलिश केलेले बूट होते. कोणाचे तरी मागून आणलेले असावेत, कारण ते एका पायानं लंगडत होते.

आता त्या रानात चार मजली वसतिगृह आहे. साडूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तलाठी गेले, कॅशिअर मुलाकडं पुण्याला. गेल्या पावसाळ्यात साडूंचा फोन आला. अहमदपूरच्या वाटेवर एक रान बघितलंय, माती लई झकास, तुम्हालाही नांदेडहून जवळ, रविवारी या, फेऱ्या मोजायला तरी या. मी हो म्हणालो. मग शनिवारी अंग जरा कणकणल्यासारखं वाटलं, आणि तसं आक्कांना कळवून मी गेलो नाही.

नंतर आक्कांकडून कळलं की त्या रविवारी फक्त पोस्टमन आला होता. दोघांनी अर्धा तास वाट पाहिली. मग सायकली हातात धरून, हळूहळू, गप्पा मारत चारही फेऱ्या चालत पुऱ्या केल्या आणि घरी आले. अंग दुखतंय का अजून, एवढंच साडूंनी मला फोनवर विचारलं.