पेटीला लावलेला सिंथ

सावंत सरांनी ड्रॉवरमधून पक्कड काढली, तशी मी सिंथच्या मागे जाऊन उभी राहिले.

"मित्रा, बाजूला हो."

"सर, ते बटण तुटेल."

"फिरतच नाही, म्हणजे तुटलेलंच आहे ना ते."

वागळे इस्टेटमधल्या आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत मी, मित्रा, टेक्निशियन आहे. टेबलावरचा सिंथ माझ्या जन्माच्या आधीचा. सिंथ म्हणजे आतल्या सर्किटमधून स्वतः आवाज तयार करणारा कीबोर्ड. तो होता मोहने गावच्या निर्मलाताईंचा. जयंतीच्या गाण्यांची त्यांची गायन पार्टी. सिंथ वाजवायचे त्यांचे मिस्टर, यशवंतदादा. दिवसा कारखान्यात शिफ्ट, संध्याकाळी स्टेज. दादा वारले. त्यांनी बटणं फिरवून फिरवून बनवलेले आवाज तेवढे या मशीनच्या मेमरीत उरले होते. दुसरीकडे कुठेच नव्हते. ताईंची अट एकच होती: नव्या रेकॉर्डिंगमध्ये दादांचे आवाज हवेत.

वाजवणारा नाही, मग वाजवणार कोण? कॉम्प्युटर. त्यासाठी मिडी नावाची वायर असते. तिच्यातून आवाज जात नाही, हुकूम जातात. ही पट्टी दाब, ही सोड. सॉफ्टवेअरमध्ये सूर मांडायचे, की मशीन आपोआप वाजतं.

आमचं मशीन आधी काही बोलेना. हुकूम एका चॅनलवर जात होते, ते ऐकत होतं दुसऱ्यावर. ते जुळवलं. मग ते प्रत्येक सुराला किंचित उशिरा उठायला लागलं. वय झालेलं, चालायचंच. मी त्याचे हुकूम थोडे आधी सोडले. ताल जमला.

सूर जमेना.

बाकीचा ट्रॅक बनवला होता डोंबिवलीच्या कुणालने. काम त्यानेच आणलेलं, म्हणजे तो आमचा क्लायंट. त्याचा ट्रॅक आणि दादांचा सिंथ एकत्र लावले की दात शिवशिवायचे. सिंथ चढा बोलत होता. मागे सूर खाली-वर करायचं एक बटण होतं, ते जागचं हलत नव्हतं.

"पक्कड नको तर फॅक्टरी रिसेट मार," सर म्हणाले.

"रिसेटने सूर उतरणार नाही सर. कंपनीचे मूळ आवाज परत येतील आणि दादांचे पुसले जातील."

"मग दादांच्या सनईच्या आवाजाऐवजी कुणालकडचं सनईचं प्लगइन लावू." प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत राहणारं वाद्य. "कोणाला कळणारे? आज गाणं झालं नाही तर हा डोंबिवलीतच दुसरा स्टुडिओ बघेल."

कुणाल मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "सर, मला फक्त आज हवंय."

ताई काचेपलीकडे गायच्या खोलीत बसल्या होत्या. हेडफोन लावून, हात मांडीवर, आमच्याकडे बघत. इकडचं त्यांना काही ऐकू जात नव्हतं. माझे बाबा चळवळीतले, आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे खाटेखाली असायचे. बाबा सांगायचे, ज्याच्याबद्दल ठराव आहे त्याला सभेत बसवा. इथे ठराव होत होता आणि जिचा नवरा त्या मशीनमध्ये उरला होता ती काचेपलीकडे.

मी टॉकबॅकचं बटण दाबलं. ते दाबलं की इकडचं बोलणं आत जातं.

"ताई, सर मशीन रिसेट करायचं म्हणतायत. दादांचे आवाज पुसले जातील. करू का?"

सरांनी माझ्याकडे जे बघितलं, त्यात माझी नोकरी गेलेली होती.

ताई बाहेर आल्या. "कोणी हात लावायचा नाही."

"ताई, ते बेसूर आहे हो," सर म्हणाले.

"आमच्यासोबत कधी बेसूर वाजलं नाही. तुमच्याकडे येऊनच बरं बिघडलं."

मी मोबाइलच्या उजेडात बटण बघितलं. बुडाशी वाळलेल्या गोंदाचा थर होता. बटण तुटलेलं नव्हतं, चिकटवलेलं होतं.

"ताई, हे कोणी केलं?"

"ह्यांनीच. स्टेजवर पोरं उगाच फिरवत बसायची. पेटीला लावलंय ते."

पेटीचा सूर कीबोर्डसारखा बटणाने फिरत नाही, आतल्या पितळी पट्ट्या घासाव्या लागतात. त्यांची पेटी जरा चढी. पार्टीत सगळं पेटीला लावायचं: ढोलकी, सिंथ, गळासुद्धा. दादांनी सूर एकदा लावला आणि कायमचा डकवून टाकला.

"दोन मिनिटं द्या," मी सरांना म्हटलं. कुणालचा ट्रॅक बंद केला, कॉम्प्युटरवरून एकटा सिंथ सोडला. ताईंनी तिथेच उभ्या-उभ्या एक कडवं म्हटलं. आवाज आणि मशीन, मध्ये केसही जाणार नाही. मग सिंथ बंद करून एकटा ट्रॅक लावला. ताई सुरुवातीला ट्रॅकला धरून गायल्या आणि दुसऱ्या ओळीला आपसूक वर सरकल्या. गळ्याला सवय पेटीची.

सरांची पक्कड हातातच होती.

कुणालने मान वर केली. "माझा ट्रॅक चढवता येईल की. सगळी प्लगइनच आहेत. सेटिंगमध्ये एक आकडा बदलायचा."

"अरे मग मघाशी का नाही बोललास?" सर म्हणाले.

"मला कोणी विचारलं?"

त्याने आकडा बदलला. मी ट्रॅक आणि सिंथ एकत्र लावले. दात शिवशिवायचे थांबले.

रेकॉर्डिंगच्या आधी मी अजून एक काम केलं. अशा जुन्या मशीनला कॅसेटचं भोक असतं. तिथून अख्खी मेमरी किंचाळीच्या रूपात बाहेर पडते, पूर्वी ती कॅसेटवर भरून ठेवायचे. मी ती कॉम्प्युटरमध्ये भरली आणि मशीनला परत ऐकवली. मशीनने आपल्या मेमरीशी ताडून बरोबर असल्याचा दिवा लावला.

ताईंनी कान झाकले. "हे काय गं?"

"दादांचे सगळे आवाज आहेत ताई यात."

त्या ऐकत राहिल्या. मग पदराने डोळे पुसत हसल्या. "जिवंतपणी कधी आवाज चढवला नाही माणसाने. आता बघ कसा बोंबलतोय."

गाणं त्याच दिवशी झालं. माझी नोकरीही राहिली, पण सर आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

त्या दिवशी खोलीत दोन सूर होते. एक आकडा बदलून हलणारा आणि एक गोंदाने डकवलेला. आम्ही पक्कड घेऊन गेलो ते डकवलेल्याकडे, कारण हलणाऱ्याचा मालक क्लायंट होता आणि डकवलेल्याची मालकीण काचेपलीकडे होती. आता जुनं मशीन आलं की सर आधी विचारतात, "कोणत्या पेटीला लावलंय?" पक्कड मात्र त्याच ड्रॉवरमध्ये आहे. मी नजर ठेवून असते.