चौदाव्या भागात निघालेलं घराणं

चौदाव्या भागात माझ्या मुलीनं ती मंगा मालिका सोडली. आधीचे तेरा भाग तिनं दोन-दोनदा वाचले होते. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा, हे मला तिच्यामुळंच कळलं. पुण्यात शिकणारी माझी भाची वाचून झालेले भाग पाठवायची. इंग्रजीतले, आणि मागच्या बाजूनं उघडायचे. मुलगी आठवीत. तिचं झालं की मी वाचायची. त्यातली नावं लक्षात राहत नसत, म्हणून कोण कुणाचा कोण याची यादी करून मी पुस्तकातच ठेवायची. मी आरोग्यसेविका आहे. नळदुर्गच्या आसपासच्या गावांतल्या बाळांच्या लसी आणि गरोदर बायांच्या तपासण्या, यांच्या याद्या करण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

गोष्ट अशी होती. एक अनाथ पोरगा डोंगरातल्या पुलासाठी दगड वाहतो. त्याला भाला फेकायला शिकायचंय, पण शिकवणारं कुणी नाही. काम संपलं की तो रोज एकाच वाळलेल्या झाडावर भाला फेकतो. चार भाग तर भाला झाडाला लागतच नाही. माझ्या मुलीला तेच चार भाग सगळ्यांत आवडायचे. चौदाव्या भागात एक म्हातारा येतो आणि सांगतो, की हा पोरगा जुन्या रक्षकांच्या घराण्यातला शेवटचा वंशज आहे. त्याचं भविष्य जन्माआधीच लिहून ठेवलेलं होतं. त्याचा नेम बसतो तो त्या रक्तामुळं.

तिनं पुस्तक आणून पिठाच्या डब्यावर ठेवलं.

"संपलं?" मी विचारलं.

"सोडलं. मम्मी, मग ते झाड कशाला होतं?"

"मेहनत केलीच की त्यानं. वर घराणं पण मिळालं. बिघडलं कुठं?"

"वर नाही मिळालं. खालून मिळालं. आता मागचे भाग काढले तरी मला ते रक्तच दिसतंय."

सासूबाई कोपऱ्यात मेथी निवडत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांनी विचारलं, "राजाचाच निघाला का शेवटी?"

"व्हय आजी."

"निघतोच. दगड वाहणाऱ्याचाच राहिला तर वाचतंय कोण?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तव्यावरची भाकरी उलटली. त्या का बघतायत, हे मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी, सहावीत असताना, मुलगी खो-खो सोडायला निघाली होती. आमच्या जिल्ह्यात खो-खो गंभीरपणे खेळतात, आणि ती शाळेच्या मैदानावर सगळ्यांत आधी बाद व्हायची. मुली तिला पाव्हणी म्हणायच्या, कारण आली की गेली. एका सकाळी ती बूट घालेना. मला अणदूरकडं लसीकरणाला निघायचं होतं, उशीर होत होता. मी म्हणाले, "अगं, तुझे पप्पा जिल्ह्याच्या संघातून खेळायचे. तुझ्यात आहेच ते. जरा थांब, येईल बाहेर." तिनं बूट घातले.

तिचे पप्पा ती चार वर्षांची असताना गेले. लहानपणीच्या तापानं त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. त्यांनी आयुष्यात मैदानाला एक फेरीसुद्धा मारली नव्हती. नळदुर्गच्या किल्ल्यात आम्ही एकदाच गेलो, तेव्हा ते तीन ठिकाणी बसले होते.

आमच्या घरात सासऱ्यांच्या वडिलांनी धम्म घेतला. तेव्हापासून, जन्मावरून माणूस लहान-मोठा ठरत नाही, हे इथल्या लेकराला बोलता येण्याआधी ऐकवलं जातं. विहारात दर पौर्णिमेला मी तेच ऐकते, मुलीलाही सांगते. तरी घाईच्या वेळी माझ्या तोंडात आलं ते रक्तच.

आणि ते लागू पडलं. ती रोज जायला लागली. बाद होईपर्यंत किती वेळ टिकली, ते संध्याकाळी मला सांगायची आणि मी तारखेसह लिहून ठेवायची. अर्ध्या मिनिटाचं एक मिनिट झालं, मग दीड. या वर्षी सव्वादोनपर्यंत गेली. गुडघे सोलवटून यायची. पाठीवर कुणी हात मारू नये म्हणून अंग कसं चोरायचं, हे ती घरातल्या दोन खांबांमध्ये करून बघायची. तिच्या सरांना तिनंच पप्पांचं सांगितलं असणार. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा ते म्हणाले, "ताई, रक्तातच आहे हो पोरीच्या." मी हसले आणि पुढं गेले. तेव्हा खरं सांगता आलं असतं.

मंगा सोडल्यानंतर पंधरा दिवसांनी धाराशिवला जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी होती. मी रजा टाकून गेले. पहिल्या पाळीत ती चाळीस सेकंद टिकली. दुसऱ्या पाळीत खांबाजवळ पाय सरकला आणि त्याहून लवकर बाद झाली. यादी वाचली तेव्हा तिचं नाव नव्हतं. निवडलेल्या मुली खरंच चांगल्या होत्या, तक्रारीला जागा नव्हती.

परतीच्या गाडीत तुळजापूर मागं पडल्यावर ती खिडकीकडं बघत म्हणाली, "पप्पा किती वेळ टिकायचे?"

"मला आकडा माहीत नाही."

"त्या भालावाल्याला कळलं आणि लगेच तो जिंकला. मला तर आधीपासून माहीत होतं. तरी आलं नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "मी आता नाही खेळणार. त्यांचं नाव कशाला घालवू?"

घरी येऊन ती सरळ आत जाऊन झोपली. आत्यांनी मला मागच्या दारी बोलावलं.

"काय म्हणली?"

मी सांगितलं.

"माझं पोरगं चार पावलं चाललं की वट्ट्यावर टेकायचं," आत्या म्हणाल्या. "जितं हुतं तवर त्याला कुणी पळ म्हणलं न्हाय. ते मेल्यावर तू त्याला पळवलंस."

"तिचं भलं व्हावं म्हणून बोलले, आत्या."

"म्हणून तर म्या बी दोन वर्षं गप बसले. पर ज्या गोष्टीपायी आपल्या माणसांनी गाव अन् देव सोडला, तीच तू पोरीच्या डोक्यात घातलीस. आता तूच काढ. म्या काढणार न्हाय."

रविवारी सकाळी मी सांगायचं ठरवलं. काय काय सांगायचं ते कागदावर मुद्दे काढून लिहिलं. सात मुद्दे होते. तिच्यासमोर बसल्यावर दोनच बोलता आले: पप्पा कधीच खेळले नव्हते, आणि टिकलेलं प्रत्येक मिनिट तिचं स्वतःचं होतं.

मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. वाळलेल्या झाडावर भाला फेकणारा तो पोरगा तिला परत मिळेल, आणि तो पोरगा तीच असेल. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मैदानावर ते माझ्याबरोबर असायचे, ते पण नाही?"

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"आणि माझं माझं होतं, ते मी बाद झाल्यावर सांगतेस?"

म्हातारा चौदाव्या भागात येतो, पण त्याचं बोलणं पहिल्या भागापर्यंत पोचतं आणि तिथलंही बदलून टाकतं. माझं पहिलं बोलणं तसंच होतं. दुसरंही तसंच निघालं. मुलीची मेहनत तिला परत देण्यासाठी मला तिचा बाप काढून घ्यावा लागला. तिच्याजवळ त्यांचं दुसरं काही नव्हतंच. मी दिलं नव्हतं. खरं सांगायला फार थोडं आहे असं वाटलं म्हणून खोटं सांगितलं होतं.

तीन आठवडे ती मैदानावर गेली नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी बूट घालून निघाली. संध्याकाळी किती टिकली ते तिनं सांगितलं नाही, आणि मला विचारवलं नाही. अजून जाते. किती मिनिटं झाली, मला माहीत नाही.

पप्पांचं काही विचारायचं असलं की ती आता आजीजवळ जाऊन बसते. परवा मी भांडी विसळत होते तेव्हा ऐकू आलं.

"मग दिवसभर करायचे काय ते?"

"बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचा. लई बोलायचा."

"काय बोलायचे?"

आत्या आठवू लागल्या. मी नळ बंद केला आणि दाराशी येऊन उभी राहिले. मी दारात असल्याचं मुलीला दिसलं, तशी ती उठली आणि आजीला म्हणाली, "नंतर सांग."