पुलापर्यंतची गाणी

मस्तगडच्या एका चिंचोळ्या दुकानात चाचा पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकानं यादी दिली तरी ते आधी त्याचं तोंड बघतात आणि दोन-चार गाणी आपल्या मनानं घालतात.

एकदा मी तिथं बसलो असताना एक तरुण ट्रकवाला आला. त्याची ठरलेली सोयरीक मोडली होती.

"चाचा, नुस्ती रडकी गाणी भरा."

"कुठं चालून राह्यला, बेटा?"

"बीडला."

चाचांनी बराच वेळ गाणी निवडली. "शहागडपर्यंत बराबर रड. तिथला गोदावरीचा पूल ओलांडला की मंग नाचायची लागतील."

तो चिडला. "मला न्हाई नाचायचं!"

"नको नाचू. पण गाणी तीच राहतील."

पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हाही मी होतो. या खेपेला तो हसत होता. "चाचा, पुलापर्यंतची सगळी काढून टाका."

चाचा काढायला लागले, तसा तो घाईनं म्हणाला, "एक राहू द्या. चाल लई चांगली हाये."

चाचांनी मान हलवली. "बिलकुल राहू दे. माझ्याकडंबी एक हाये."