उजव्या हाताची पटाशी

कुठलीही वस्तू समोर आली की ताई ती आधी डाव्या हातात घ्यायच्या. मग सावकाश उजव्या हातात ठेवायच्या आणि त्या हाताकडे पाहून विचारायच्या, "काय जी, जमते का?" पेला असो, कंगवा असो, नाहीतर दुकानातली लाकूड कोरायची पटाशी असो. हाताचं उत्तर बहुतेक वेळा नकाराचंच असे. मग त्या म्हणायच्या, "बरं, राहू द्या. उद्या विचारीन."

दुखऱ्या अवयवाशी माणसं कशी वागतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. कुणी त्याला शिव्या देतं, कुणी शालीखाली लपवतं. ताई त्याच्याशी अहो-जाहो करत. नवऱ्याशीही त्या इतक्या अदबीनं बोलत नसत.

वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी टेक्निशियन होतो आणि ताई ट्रंक बोर्डावर ऑपरेटर. राहायलाही आम्ही सिंदी मेघेत एकाच गल्लीत. कानाला हेडफोन असला की त्या पुस्तकी मराठी बोलत, तो उतरवला की वऱ्हाडी. "कृपया प्रतीक्षा करा" म्हणून झालं की लगेच माझ्याकडे वळत, "चहा सांगजो रे भाऊ, घसा वाळून राह्यला." नव्वदनंतर चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ उघडले. ट्रंक कॉल आटत गेले आणि मुक्या बोर्डासमोर बसून ताई स्वेटर विणू लागल्या.

त्याच सुमारास एका सकाळी पोळ्या लाटताना त्यांच्या हातातलं लाटणं गळून पडलं. ते उचलायला वाकल्या तर हातच पुढे येईना. लकवा. वाचा काही दिवसांत परत आली, पाय हळूहळू सुधारला. उजवा हात मात्र खांद्याला लोंबत राहिला.

डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि दिवसभर दाबत राहायला सांगितलं. ताईंनी तो थोडे दिवस दाबला आणि एक दिवस गल्लीतल्या कुत्र्याकडे फेकून दिला.

"काऊन जी ताई?" मी विचारलं.

"कितीही दाबला तरी तो तसाच्या तसा. केलेलं काम डोयाले दिसाले नको काय?"

दिसणारं काम त्यांना समोरच्या घरी सापडलं. तिथे नवीन दारं बनत होती. ताई रोज खुर्ची टाकून मिस्त्रीचं काम पाहत बसत. पटाशी चालली की लाकडाची पातळ ढलपी गोल वळत खाली पडे, आणि तिच्या जागी खाच उरे. एक दिवस त्यांनी पटाशी मागून घेतली. ती हातातून निसटून पायाजवळ पडली. मिस्त्रीनं ती उचलली आणि पुन्हा द्यायला नकार दिला. "बोट जाईन ताई, मंग मले बोल लागन."

"मंग माही मी घेईन," ताई म्हणाल्या.

आधी घेतली ती त्यांच्या यजमानांनी. त्यांचं कापडाचं दुकान होतं. काहीही ठोक घेतलं की स्वस्त पडतं, हे त्यांच्या रक्तातच होतं. नागपूरला माल आणायला गेले तेव्हा कोरीवकामाचा एक अख्खा सेटच घेऊन आले. प्लास्टिकचा डबा, त्यात लाल मुठींच्या बारीक-बारीक पटाश्या ओळीनं झोपवलेल्या. "सगळं आलं यात. पुन्हा कायी घ्यायचं कामच नाई," ते खुशीत म्हणाले. सागवानावर पहिल्या दिवशीच पात्यांच्या धारा दुमडल्या. मुठी इतक्या काटकुळ्या की ताईंची बोटं त्यांच्याभोवती मिटतच नव्हती. पुढे त्यातल्या एका पटाशीनं डालड्याचे डबे उघडले जात, दुसरीनं नारळ.

मग त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "काय कोराचं हाये ताई? देव, का नक्षी?"

"ते मंग पाहू. आधी हाताले पटली पाह्यजे."

त्यानं दहा प्रकार समोर मांडले. ताई एकेक पटाशी उजव्या हातात ठेवत आणि विचारत, "काय जी, जमते का?"

दुकानदाराला वाटलं, त्यालाच विचारताहेत. "जमते ना ताई! बहोत चालते हे."

शेवटी त्यांनी चकाकणारं सगळं बाजूला सारलं. एक सपाट आणि एक गोल धारेची, अशी दोन साधी पाती घेतली, तीही बिनमुठीची. "मूठ मले माह्या हाताच्या मापाची लागते. तुमची घेऊन काय करू?" वाचलेल्या पैशात धार लावायचा दगड घेतला. त्याच मिस्त्रीनं बाभळीच्या लाकडाच्या मुठी करून दिल्या, वांग्यासारख्या फुगीर. त्यावर ताईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. बोटं पूर्ण मिटली नाहीत तरी रबर हाताला धरून राही. आमच्या एक्स्चेंजचा एक लाइनमन हिंगणीचा होता. त्याच्या शेताच्या बांधावरचं शिवणीचं झाड वादळात पडलं होतं, त्याचे तुकडे त्यानं आणून दिले. शिवणीचं लाकूड हलकं आणि मऊ. सागवानासारखा त्याचा तोरा नाही.

काम सुरू झालं. रोज थोड्या ढलप्या निघत. ताई त्या झाडून टाकू देत नसत, संध्याकाळी यजमान दुकानातून आले की दाखवत.

असं सगळं बरं चाललेलं असताना ती दुपार आली. ताई डाव्या हातानं लाकूड समोरून दाबून धरत आणि उजव्या हातातली पटाशी अंगाचा भार देऊन पुढे ढकलत. त्या दिवशी पटाशी सटकली आणि थेट डाव्या तळहातात घुसली. त्यांच्या चांगल्या हातात. हाका ऐकून मी धावलो, पंचा गुंडाळला, दवाखान्यात नेलं. टाके पडले आणि मनगटापर्यंत बँडेज आलं.

यजमान दुकान तसंच टाकून आले. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो, पण त्या दिवशी चढला. "एक हात गेला, आता दुसराही घालवतं काय?" त्यांनी पटाश्या, दगड, लाकडं सगळं पिशवीत भरलं आणि दुकानात नेऊन ठेवलं. आयुष्यभर लोकांना एकमेकांशी बोलायला जोडून देणारी ही बाई पुढे कित्येक दिवस मुकी बसून राहिली. यजमान भरवायला आले की तोंड फिरवायच्या. चमचाभर वरणभात त्यांच्या हातून गिळायच्या, तोही रात्री, भूक असह्य झाली की.

त्या दिवसांत एकदा मी सकाळी ताईंच्या रजेचं विचारायला गेलो होतो. यजमानांनी चहाचा पेला ताईंपुढे ठेवला आणि गरम पेला धरून त्यांना पाजायला फडकं आणावं म्हणून ते आत गेले. ताईंनी पेल्याकडे पाहिलं. मग उजवा हात टेबलावरून सरपटत निघाला. पेल्याला टेकला. एकेक बोट त्याच्याभोवती वळलं. पेला उचलला गेला, थरथरला, अर्धा चहा पदरावर सांडला. उरलेला ओठांपर्यंत पोचला.

यजमान दारात फडकं घेऊन उभे होते. मी खाली पाहू लागलो.

ताईंनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "साखर कमी हाये."

संध्याकाळी यजमान पिशवी परत घेऊन आले. सोबत एक लोखंडी शिकंजाही आणला होता. लाकूड जबड्यात आवळून धरायचा, टेबलाला बसवायचा. दुकानदाराला विचारून, खास त्यासाठी बाजारात जाऊन आणलेला. त्यांनी स्वतः तो टेबलाला बसवला, थोडा वाकडाच. "लाकूड याले धरू दे," ते म्हणाले, "तुहा हात धारेपुढे नको." ताईंनी शिकंज्याची दांडी फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "हे त्या सेटमध्ये नव्हतं."

हात पूर्ण कधीच सुधारला नाही. पण ताई कामावर परत आल्या, चौकशीच्या टेबलावर. वाकडीतिकडी का होईना, सही उजव्या हातानं करू लागल्या. आणि घरी नंदी कोरू लागल्या. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदीबैल सजवून, दोरीनं ओढत घरोघरी नेतात आणि खाऊ मिळवतात. ताईंचा पहिला नंदी पाहून गल्लीतली एक चिमुरडी म्हणाली, "डुक्कर!" ताई म्हणाल्या, "शिंगं त लागू दे माय, मंग बैल होते." पुढे दर वर्षी गल्लीतल्या एखाद्या पोराच्या दोरीला त्यांचा बैल असे. कान लहानमोठे, वशिंड कलतं, पण पाय चारही जमिनीला टेकलेले.

नंतरच्या वर्षांत हौशी मंडळी त्यांच्याकडे विचारायला येत, सुरुवातीला काय काय घ्यावं म्हणून. ताई आधी तळहातावरचा व्रण दाखवत. "पयले शिकंजा घेजो. मंग एक पटाशी, आन तिच्यासाठी दगड. सेटच्या नादी नको लागू. बाकीचं हात मांगन तवा पाहजो."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, आषाढात, त्यांना दुसरा झटका आला. या वेळी काहीच परत आलं नाही. ताई गेल्या.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला गल्ली नेहमीसारखीच गजबजली होती. पोरांच्या घोळक्यात मला यजमान दिसले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात दोरी. दोरीला ताईंचा अखेरचा बैल होता, चाकांवर बसवलेला, पण शिंगं कोरायची राहून गेलेला. एका पोरानं विचारलं, "आबा, याचे शिंगं कुठं गेले?"

"लहान हाये तो अजून," ते म्हणाले.

आणि बैल कलंडत तर नाही ना, हे मागे वळून पाहत ते पोरांच्या मागोमाग सावकाश पुढच्या दाराकडे निघाले.