किल्ल्यामागचा चंद्र

गुत्त्यांच्या पाट्या रंगवता रंगवता फाइट हालबाउअरचा हात तयार झाला होता. 'सोनेरी चंद्र' गुत्त्याची पाटी त्याचीच. पण ऱ्हाईनकाठच्या त्या गावात पाट्या लागून लागून किती लागणार? शहरातल्या कलामंडळानं तीन वर्षं त्याची चित्रं प्रदर्शनात न लावता परत धाडली, तसा त्याचा पिपं बनवणारा सासरा म्हणाला, "जावईबापू, औंदाही परत आलं, तर मुकाट्यानं माझ्या पिपांवर आकडे घालायला बसायचं."

म्हणून चौथ्या वर्षी फाइटनं जीव ओतला. नदीपल्याडचा पडका किल्ला, बुरुजामागं पुनवेचा चंद्र, खाली रुपेरी पाणी. चित्र शहराला नेणारा बाल्थेस नावाडी ते बघायला आला. त्यानं तोंडातला पाइप काढला.

"फाइट, लेका, किल्ला उत्तरंला हाय."

"मग?"

"चाळीस वर्सं वल्हं मारतोय. चंद्र तिकडं फिरकत न्हाई. वाट चुकला का काय?"

फाइटला चूक उमगली. पाट्या रंगवणाऱ्याची खोड! गुत्त्याचं तोंड कुठंही असो, चंद्र आपला छपरावर.

"चंद्र हलवला तर सगळा उजेडच बदलतोय, मामा."

"मग खोटं चित्र माझ्या नावंत चढायचं न्हाई."

चुलीपुढून फाइटची बायको अपोलोनिया म्हणाली, "अहो, पाणी किती रिकामं दिसतंय! मामांना काढा की तिथं, नावेसकट. लाल टोपीसकट."

बाल्थेसनं टोपी सारखी केली. "नाक जरा बेतानं काढ," एवढंच म्हणाला.

चित्रात काढलेली नाव वाळेस्तोवर चार दिवस गेले. शहरात कलामंडळाचे पाच जण चित्रापुढं उभे राहिले. एकानं चष्मा पुसला. "चंद्र खरंच तिथं दिसतो?"

फाइटच्या डोळ्यांपुढं पिपांची रांग उभी राहिली.

तेवढ्यात बाल्थेस पुढं सरला. "साहेब, ह्यो चित्रातला नावाडी मीच. रोज त्याच पाण्यात असतोय. मला इचारा!"

चित्र लागलं. मग मागण्यांचा पूर लोटला, सगळ्यांना तोच किल्ला, तोच चंद्र, तीच लाल टोपी हवी. सासरा आता पिपं सोडून चित्रांच्या पेट्या ठोकतो, आणि जावयाचं नाव त्यांच्यावर स्वतः घालतो.

वाफेच्या बोटीतून पाहुणे येतात, पुनवेला बाल्थेसच्या नावेत बसून किल्ल्यामागचा चंद्र शोधत उत्तरेकडं माना ताणतात.

"काल आलता," बाल्थेस सांगतो. "थोडक्यात हुकला तुमचा."