तीनदा गुरुजी आणि माझी साफसफाई

रामघाटावरचे आमचे गुरुजी कोणतीही गोष्ट एकदा सांगून थांबत नसत. "चहा घे. घे चहा. चहा घे." तोवर चहावर साय धरलेली असे. गल्लीत त्यांना तीनदा गुरुजी म्हणत. तोंडावर नुसते गुरुजी. ते वेदपाठशाळेत शिकवत. तिथे मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून मी दोन जळजळीत पत्रकं काढली होती. आत काय शिकवतात ते पाहण्याची गरज मला वाटली नव्हती.

दुसरं पत्रक वाचून त्यांनी मला बोलावलं. मी मुद्दे घोकून, भांडायच्या तयारीने गेले. त्यांनी वेदपाठाची एक जीर्ण वही पुढे ठेवली, त्यांच्या गुरूंच्या हातची. "डोळे चालले, पोरी. हे मोठ्या अक्षरात करून दे. तुझी छपाई एकदम साफ असते. विचार जरा गरम आहेत."

मी ई-पुस्तक करायचं ठरवलं, तेही मुक्त सॉफ्टवेअरवर. ते कोणीही फुकट घ्यावं, आतून उघडून पाहावं, सुधारून पुढे द्यावं, यावर मी त्यांना पाऊण तास व्याख्यान दिलं. "म्हणजे सदावर्त," ते म्हणाले. माझं व्याख्यान एका शब्दात उरकल्याचा मला रागच आला.

रोज सकाळी ते वही नाकाला लावून सांगत आणि मी टाइप करी. शब्दांची प्रत्येक जोडी तीनदा: सरळ, उलट, सरळ. मला वाटलं, सवयच ती! पत्रकवालीला पाल्हाळ खपत नाही. शेवटच्या दिवशी मी 'शोधा आणि बदला' चालवून सगळी पुनरुक्ती झाडून काढली, सेव्ह केलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "आता हे कायमचं सुरक्षित." संध्याकाळी गुरुजींनी होडी ठरवली आणि जीर्ण पोथीचं करतात तसं त्या वहीचं गंगेत विसर्जन केलं.

दुसऱ्या दिवशी टॅबलेटवर मोठाली अक्षरं वाचताना ते थबकले. "पोरी, पुस्तक वाळलं की गं."

मग कळलं. एकही शब्द निसटू नये म्हणून पाठ तसा सरळ-उलट म्हणायचा असतो. ती सवय नव्हती, विद्याच ती होती. उलट म्हणताना उच्चार बदलतात, म्हणून गाळलेलं नुसतं उलटून परत येणार नव्हतं. आणि आधीची प्रत? जगाला प्रती ठेवायला सांगणारीने स्वतः ठेवली नव्हती.

"तुम्हाला पाठ आहे ना?" मी रडत विचारलं.

"मला आहे. माझ्यानंतर?" त्यांनी टॅबलेट माझ्याकडे सरकवला. "बस, लिही. लिही, बस. बस, लिही."

या वेळी पडताळायला वही नव्हती. म्हणून लिहिलेलं ते मला मोठ्याने म्हणायला लावत, पाठशाळेच्या ओसरीवर, सगळ्या विद्यार्थ्यांसमोर. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तीन महिने हे चाललं. एकदा दुसरे गुरुजी भुवया चढवून म्हणाले, "काय हो, मुलीला शिकवताय?"

"छे! तिची फाइल दुरुस्त करतोय."

दोन पत्रकांनी जे जमलं नाही, ते माझ्या एका घोडचुकीने जमलं. हे मी कुठल्याच पत्रकात छापलेलं नाही.

डोळे पुरते गेल्यावर मुलाने त्यांना नागपूरला नेलं. निघताना म्हणाले, "फाइल सदावर्तात ठेव. घेणारा मुलगा की मुलगी, पुसू नकोस."

दर रविवारी त्यांचा फोन येतो. मी एक पान म्हणते, ते चुका काढतात, मी फाइलमध्ये दुरुस्त करते.

"सेव्ह केलंस? केलंस सेव्ह? सेव्ह केलंस?"

"केलं, गुरुजी. गुरुजी, केलं. केलं, गुरुजी."